जुना लॅपटॉप, जुन्या फाइली आणि उलव्याचा नकाशा: वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं विंडोज १० बद्दल आली, म्हणून सुरुवात तिथूनच करते. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे ज्या पत्रात सगळ्यांचं थोडं थोडं आलंय ते घेतलंय.

मी शाळेतून निवृत्त झाले. २०१६ साली घेतलेला लॅपटॉप अजून व्यवस्थित चालतो. त्यावर मराठीत लिहिते, बँकेचं बघते, नातवाशी व्हिडिओ कॉल करते. आता स्क्रीनवर सारखं येतं की सपोर्ट संपला. गोखले रोडवर दुकानात विचारलं तर म्हणाले ह्यात विंडोज ११ चढत नाही, भंगारात द्या आणि नवा घ्या. खरंच टाकायचा का?
(निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

बाई, टाकू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, पण त्याने लॅपटॉप काही बिघडत नाही, फक्त ह्यापुढे त्यात सुरक्षेचं नवीन भोक सापडलं तर मायक्रोसॉफ्ट ते आपोआप बुजवून देणार नाही, आणि तुम्ही बँकेचं त्यावर बघता म्हणून ते मनावर घ्यायला हवं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, २०१६ च्या लॅपटॉपमध्ये तो नसणार, म्हणजे दुकानदार तेवढं खरं बोलला. भंगाराचं जे म्हणाला ते मात्र मला अजिबात पटत नाही. चांगला चालणारा कीबोर्ड, चांगली स्क्रीन, चांगला कॅमेरा हे सगळं एका कंपनीने अट बदलली म्हणून कचऱ्यात जाणार, आणि असे लॅपटॉप जगभरात किती असतील याचा विचार केला तरी जीव तुटतो.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला तात्पुरता: सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करायची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे न भरता ती मिळते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तुम्ही निर्धास्त. ते आजच करून टाका. दुसरा रस्ता कायमचा, तो म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकणं. लिनक्स म्हणजे काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं असा बऱ्याच लोकांचा समज आहे पण तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आतून लिनक्सवरच चालतो, १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि तेव्हापासून हजारो लोकांनी मिळून वाढवलं. मिंटची मांडणी तुमच्या जुन्या विंडोजसारखीच आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि ४ जीबी रॅम असेल तर आरामात चालतं, त्याहून कमी असेल तर त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घ्या.

मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की आधी बघता येतं. नातवाला सांगा पेन ड्राइव्हवर मिंट टाकून दे, लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून चालू करायचा, आतलं काहीही न पुसता सगळं वापरून बघायचं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, प्रिंटर छापतोय का हे चार-पाच दिवस बघा. नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं. आवडलं तर आधी फोटो आणि लिखाण बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या आणि मगच आत टाका, हा क्रम कोणी कितीही घाई केली तरी मोडू नका. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी डिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या, फरक लगेच जाणवेल. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणीही आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा प्रकारही आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको.

जिथे अडेल तेही सांगते. घरात कोणी टॅली वापरत असेल किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून रिटर्न भरत असेल तर ते काम लिनक्सवर त्रास देतं, त्या माणसाने त्या कामापुरतं विंडोज ठेवावं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची काळजी नको, तो आता चेहरा दाखवून मोबाइलवरूनच करता येतो. आणि दुकानदाराने मिंट टाकून दिलं तर त्याच्या वेळेचे पैसे जरूर द्या, सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत पण त्याची मेहनत काही फुकट नाही.

आमचं छोटं डीटीपीचं काम आहे, वडिलांच्या वेळपासून. जवळपास वीस वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका, एका संस्थेचा अख्खा इतिहास असं सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडलंय. नवीन कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे वाचवता येईल का? आणि आता नवीन काम कशात करू?
(डीटीपी व्यावसायिक, कळवा)

दादा, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं कारण हे फक्त तुमच्या दुकानाचं दुखणं नाहीये, महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांमध्ये, पतसंस्थांमध्ये, शाळांमध्ये मराठीची पंधरा-वीस वर्षं अशी अडकून पडली आहेत. झालं काय की युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक द्यायची पद्धत, रुळायच्या आधी प्रत्येक कंपनीने आपापल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त वर मराठीचा मुखवटा चढवतो. एका कंपनीने "क" ज्या जागी ठेवला तिथे दुसरीने "म" ठेवलेला. मग त्या कंपनीचं डाँगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) हरवलं, सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, की लिहिलेलं सगळं मुकं झालं. लेखक आपले, मजकूर आपला, टाइप करणारे हात आपले, आणि चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात.

वाचवता येतं, पण आत्ता सुरू करा. पहिली गोष्ट म्हणजे त्या फॉन्टच्या मूळ फाइली शोधून प्रत्येक जुन्या कामाच्या फोल्डरमध्ये शेजारी ठेवा, कारण फॉन्ट कुठला होता हेच कळलं नाही तर पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं. दुसरी, जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर तो विकू नका, त्यावरून प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून घ्या. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून वापरता येणार नाही पण निदान डोळ्यांनी वाचता येईल, आणि नंतर ताडून बघायला तीच उपयोगी पडेल. मग जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, फॉन्टप्रमाणे वेगवेगळे, ते वापरा. एकदम सगळं करू नका, एक लेख करून प्रुफं वाचा. चुका ठरावीक जागी होतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार पुढे-मागे होतो, "ऱ्या" तुटतो, जोडाक्षरं सुटी पडतात. एकदा त्या फॉन्टची चुकांची यादी हाताशी आली की बाकीचं काम पटापट उरकतं.

नवीन काम फक्त युनिकोडमध्ये. फॉन्टचं म्हणाल तर मुंबईच्याच "एक टाइप" या मंडळींनी केलेले "मुक्त" आणि "बलू" हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, छापा, वेबसाइटला वापरा, गिऱ्हाइकाला द्या, कोणी विचारणार नाही, आणि दिसतातही सुंदर. गूगलचा नोटोही आहे. एक बारकी गोष्ट जी बरेच लोक सोडून देतात: मजकुराची भाषा मराठी अशी सेट करा. कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये "ल" आणि "श" चे मराठी वळणाचे आकार आत दिलेले असतात पण भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळण उमटतं आणि मराठी पुस्तक परकं दिसायला लागतं. पानं लावायला इनडिझाइनच वापरायचं असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. खर्च नको असेल तर स्क्रायबस शिका, वेळ लागेल पण जमेल.

आणि मूळ मजकूर कायम लिब्रऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ओडीटी नावाच्या फॉरमॅटमध्ये वेगळा ठेवा. हा फॉरमॅट २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाण आहे, त्याची रचना जाहीर आहे, त्यामुळे उद्या लिब्रऑफिस नसलं तरी दुसरं कोणी ते उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकतं. लिब्रऑफिसचा जन्मच तसा झालाय. त्याच्या आधीचं ओपनऑफिस ज्या कंपनीकडे होतं ती ओरॅकलने विकत घेतली, पुढे काय होईल याचा भरवसा वाटेना, तेव्हा २०१० मध्ये काम करणारी मंडळी तोच कोड घेऊन बाहेर पडली आणि स्वतःची संस्था काढली. तुमच्या वडिलांना त्या काळात ही सोय मिळाली असती तर आज हा प्रश्न तुमच्यावर आलाच नसता.

व्हीएलसी प्लेअरवर सरकारने बंदी घातली होती ना? मग वापरावं की नाही?
(वाशीहून)

वापरा. २०२२ च्या सुरुवातीपासून व्हीएलसीची वेबसाइट आपल्याकडे ब्लॉक होती, प्लेअर आधीच घेतलेल्यांकडे तो चालतच होता. व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे, त्यांनी इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला नोटीस पाठवून बंदीच्या आदेशाची प्रत मागितली आणि त्या नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात लोकांनी गूगलमध्ये शोधून भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवलं, धोका खरा तिथे होता. म्हणून मूळ साइटवरूनच घ्या. जाहिरात नाही, अकाउंट काढायला लावत नाही, ६०० कोटींच्या वर डाउनलोड झालेत आणि तरी ते तसंच राहिलंय याचं मला फार कौतुक आहे.

आमच्या ऑफिसमध्ये नेहमी वाद होतो. एक जण म्हणतो ओपन सोर्स सुरक्षित कारण कोड सगळ्यांना दिसतो, दुसरा म्हणतो सगळ्यांना दिसतो म्हणूनच धोका, चोरालाही दिसतो. बरोबर कोण?
(आयटी कर्मचारी, वागळे इस्टेट)

कोड दिसणं आणि कोणीतरी तो बघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या दोन्ही मित्रांनी एक्सझेडचं प्रकरण नीट वाचावं असं मला वाटतं.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती वर्षानुवर्षं फिनलंडमधला लासे कॉलिन नावाचा एक माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता, पगार नाही. २०२१ च्या सुमारास जिया टॅन नाव लावलेला कोणीतरी मदतीला आला, चांगले चांगले बदल पाठवायला लागला. २०२२ मध्ये वेगवेगळ्या नावांनी मेल यायला लागले की काम किती हळू चाललंय, दुसऱ्याच्या हातात द्या. कॉलिनने तेव्हा उघड लिहिलं होतं की मनाची तब्येत बरी नाही आणि हे बिनपैशांचं छंदाचं काम आहे. तरी दबाव चालूच राहिला आणि हळूहळू जिया टॅनच्या हातात अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला, असा की ज्याच्याकडे किल्ली त्याला जगभरच्या सर्व्हरमध्ये घुसता आलं असतं.

पकडला कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने, जो पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो आणि नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहे. त्याला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. आपल्यापैकी कितीजण तेवढ्यासाठी थांबले असते? तो थांबला, खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. कोड खुला होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला, बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने कंपनीला तक्रार केली असती आणि पुढे काय झालं ते त्याला कळलंही नसतं. तो चोरदरवाजा तोवर बहुतेक चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, रोजच्या वापरातल्या मोठ्या लिनक्समध्ये जायच्या आधी अडवला गेला.

म्हणजे पहिला मित्र बरोबर, पण अर्धाच. नजर ठेवणारा एकटा, थकलेला आणि बिनपगारी असेल तर कोड कितीही उघडा असून उपयोग नाही. आणि दुसऱ्या मित्राला १९ जुलै २०२४ ची आठवण करून द्या, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट गेलं आणि ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे कोड बंदच होता. ऑफिसात ही चर्चा पुढे न्यायची असेल तर असं विचारा की आपली कंपनी कुठकुठली ओपन सोर्स लायब्ररी वापरते आणि त्यातल्या एकाला तरी वर्षाला काही पैसे देते का. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रोजेक्टसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, म्हणजे आपल्याकडची कंपनी हे करू शकते. तुमच्या कंपनीला तेवढं जमणार नाही पण तुमच्या कामाच्या तासांतला शुक्रवारचा अर्धा दिवस तरी मागून बघा.

मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिनियर सांगतात गिटहबवर ओपन सोर्स काँट्रिब्युशन दिसलं पाहिजे नाहीतर रेझ्युमे बघत पण नाहीत. मला कळत नाही सुरुवात कुठून करू. मित्र एआयकडून बग शोधून रिपोर्ट टाकतायत, पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल) पण एआयच लिहून देतो. मी पण करू का?
(विद्यार्थी, कोपरखैरणे)

नको रे, असं करू नकोस. तुला नोकरीची चिंता आहे ती मला कळते, प्लेसमेंटच्या वर्षात पोटात गोळा येतो आणि सगळे जे करतात ते आपण नाही केलं तर मागे पडू असं वाटतं. पण पलीकडच्या माणसाचं काय होतं ते ऐक.

कर्ल नावाचं सॉफ्टवेअर आहे, इंटरनेटवरून डेटा आणायचं काम करतं, तुझ्या फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाड्यांमध्ये आहे. स्वीडनचा डॅनिएल स्टेनबर्ग ते १९९८ पासून चालवतोय. त्यांच्याकडे सुरक्षेचं भोक शोधून दिलं तर बक्षीस मिळायचं, चांगली योजना होती, तिच्यामुळे खरी भोकं सापडली. मग लोक एआयला विचारून ढीगभर रिपोर्ट पाठवायला लागले, वाचायला अगदी खरे वाटणारे, आत काहीच नाही, नसलेल्या फंक्शनची नावं. प्रत्येक रिपोर्ट कोणाला तरी तासन्‌तास बसून खोटा ठरवावा लागतो, कारण न जाणो एखादा खरा निघाला तर. शेवटी जानेवारी २०२६ च्या अखेरीस त्यांनी बक्षीसच बंद केलं. ज्या पोरांनी खरंच अभ्यास करून भोक शोधलं असतं त्यांचं बक्षीस पण त्यात गेलं.

आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं नाव ह्यात आधीच खराब झालंय, हे सांगताना मला वाईट वाटतं पण सांगायला हवं. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम, २०२० मध्ये तिथे टी-शर्ट मिळतो म्हणून रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द घालून हजारो पुल रिक्वेस्ट टाकल्या गेल्या, आयोजकांना त्या महिन्यातच नियम बदलावे लागले. एका शिकवणीच्या व्हिडिओत एक्सप्रेस जेएस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या पानावर पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवलं आणि २०२४ मध्ये मुलं तिथे खरोखर स्वतःची नावं टाकत सुटली. व्हिडिओ करणाऱ्याने स्वतःचा सरावाचा रेपो (कोड ठेवायची जागा) दाखवला असता तर काही झालं नसतं. आता भारतीय नावाची पहिलीच पुल रिक्वेस्ट आली की काही ठिकाणी आधी संशय येतो, आणि तो तुझ्यासारख्या प्रामाणिक मुलाला भोगावा लागतो.

मग सुरुवात कुठून? तू रोज जे वापरतोस तिथून. कुठलंतरी एकच सॉफ्टवेअर घे. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रऑफिस, जे असेल ते. महिनाभर लक्ष देऊन वापर. काहीतरी खटकेलच, विशेषतः मराठीत, कारण मराठीत तपासणारे लोक फार कमी आहेत. जोडाक्षर मोडतंय का, शोध घेतला की "ऱ्य" सापडतं का, तारीख मराठीत नीट येते का. खटकलं की आधी शोध, कोणी ते आधीच नोंदवलंय का. नसेल तर असा बग रिपोर्ट लिही की वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागणार नाही: कुठली आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत छोटी फाइल. असा रिपोर्ट हे सुद्धा काँट्रिब्युशन आहे, आणि मुलाखतीत त्याबद्दल बोलायला लागलास की समोरच्याला लगेच कळतं की हा मुलगा खरंच तिथे जाऊन आलाय.

दुसरं, भाषांतर. फायरफॉक्सचं मराठी पाँटून नावाच्या साइटवर चालतं, लिब्रऑफिसचं वेबलेटवर, कोड यायला पाहिजे असं काही नाही. पण मशीनचं भाषांतर चिकटवू नकोस, आपल्या आईला मेनू वाचून कळेल का हे बघून लिही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजांच्या संग्रहाला मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, तो संग्रह कोणालाही वापरायला मोकळा आहे, आणि तिथे आगरी वळणाचं मराठी, वऱ्हाडी वळणाचं, मालवणी वळणाचं मराठी जेवढं जमा होईल तेवढं बरं, नाहीतर उद्याची बोलणारी यंत्रं फक्त एकाच सुरातलं मराठी ओळखतील. तुझ्या वर्गातच हे सगळे सूर बसलेले असतील, त्यांना गोळा कर. मुंबईत फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेचे मेळावे होतात, तिथे जा, मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकलंस तरी चालेल.

एआय वापरू नको असं मी म्हणत नाहीये, दुसऱ्याचा कोड समजून घ्यायला वापर, त्याला शंका विचार. फक्त जी ओळ तुला स्वतःला समजावून सांगता येत नाही ती दुसऱ्याच्या दारात टाकू नकोस.

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, ३०० च्या वर फ्लॅट. रोज गुड मॉर्निंग आणि भांडणं. कामाची माहिती सापडत नाही, तेच तेच प्रश्न येतात, प्रॉपर्टी टॅक्स कुठे भरायचा, फ्लॅट विकताना सिडकोची एनओसी कशी काढायची. कोणी म्हणतं टेलिग्रामला जाऊ, कोणी अरट्टाई, कोणी सिग्नल. तुम्ही काय सुचवाल?
(सेक्रेटरी, गृहनिर्माण सोसायटी, खारघर)

सेक्रेटरी साहेब, ॲप बदलून हे सुटणार नाही. खाजगीपणाचं बघायचं तर सिग्नल सगळ्यात चांगलं, ना-नफा संस्थेचं आहे आणि कोड खुला आहे, व्हॉट्सअपमधलं एन्क्रिप्शन (मेसेज मधल्या कोणालाही वाचता येऊ नये अशी सोय) सुद्धा त्यांच्याच पद्धतीवर चालतं. टेलिग्रामच्या ग्रुपना तसं एन्क्रिप्शन नसतंच. अरट्टाई या भारतीय ॲपची लाट २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली, तेव्हा त्याच्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं, ते नंतर आलं. पण ३०० घरांना हलवणं म्हणजे अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि ज्येष्ठ मंडळी दोन्हीकडून सुटणार. व्हॉट्सअपवरच राहा.

करायचं ते असं की बोलणं एका जागी आणि माहिती दुसऱ्या जागी. ज्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा लागणार आहे ते उत्तर वाहत्या ग्रुपमध्ये ठेवायचंच नाही. पंधरा-वीस पानांचं एक साधं डॉक्युमेंट करा: पनवेल महापालिकेचा टॅक्स, सिडकोचं पाणी, ट्रान्सफरची कागदपत्रं आणि फी, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन, लिफ्टवाल्याचा नंबर, एजीएमची मिनिट्स. प्रत्येक उत्तराखाली तारीख, कारण फी बदलते आणि तीन वर्षांपूर्वीची माहिती नसलेल्या माहितीपेक्षा जास्त त्रास देते. त्याची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये, आणि एक छापील प्रत ऑफिसात. ज्याने एनओसी नुकतीच काढली त्याच्या मागे लागून त्याच आठवड्यात चार ओळी लिहून घ्या, सहा महिन्यांनी त्याला काही आठवणार नाही.

आणखी एक, हे डॉक्युमेंट कोणा एकाच्या वैयक्तिक अकाउंटवर ठेवू नका. सोसायटीचा स्वतःचा ईमेल काढा, पासवर्ड सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार तिघांकडे, आणि दर तीन महिन्यांनी पीडीएफ उतरवून पेन ड्राइव्हवर. कमिटी बदलली आणि जुन्या सेक्रेटरींशी वाद झाले की सगळी माहिती त्यांच्या जीमेलमध्ये अडकते हे कितीतरी सोसायट्यांमध्ये झालंय. भांडणांसाठी दोन नियम पुरतात, एक म्हणजे फक्त सोसायटीचा विषय, दुसरा म्हणजे माणसाचं नाव घेऊन आरोप ग्रुपवर नाही, लेखी अर्जाने. नियम मोडला की ॲडमिनने मेसेज काढायचा, मोडणारा कमिटी मेंबर असला तरी काढायचा. तिथे ढिलाई झाली की ग्रुप संपला.

मामांना व्हॉट्सअपवर लग्नपत्रिका म्हणून फाइल आली, उघडली आणि खात्यातून पैसे गेले. मुलगा फोनमध्ये एफ-ड्रॉइडवरून ॲप टाकतो, ते पण तसंच ना?
(वर्तकनगर, ठाणे)

तसं नाही. पत्रिकेच्या नावाने आलेली ती एपीके फाइल म्हणजे खरं तर एक ॲप असतं, ती कोणी बनवली ते कोणालाच माहीत नसतं, ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी पळवते. एफ-ड्रॉइड हे ॲपचं दुकान आहे, तिथे फक्त खुल्या कोडची ॲप असतात आणि बहुतेक ॲप तिथले लोक कोडवरून स्वतः बनवतात. मामांचं अजून केलं नसेल तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा, मामांचा फोन विमान मोडवर टाका. ताज्या तक्रारीत पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, उशीर झाला की कठीण.

ह्याच फसवणुकीचं कारण देऊन गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ॲप कुठूनही टाका, बनवणाऱ्याने गूगलकडे ओळख नोंदवलेली पाहिजे, सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. एफ-ड्रॉइडने सांगितलं की असं झालं तर आमचं काम संपेल. नंतर गूगलने जाणकार लोकांसाठी वेगळी वाट ठेवू असं म्हटलंय. मला मामांसारख्यांचं संरक्षण हवंच आहे, पण फोन आपण विकत घेतल्यावर त्यात काय टाकायचं याची शेवटची परवानगी एकाच कंपनीकडे असावी हे मला मान्य नाही.

आम्ही नुकतेच उलव्याला राहायला आलो. डिलिव्हरीवाले सेक्टरमध्ये फिरत राहतात, मॅपवर आमची गल्लीच नाही. कंपनीला कळवलं, काही झालं नाही. आणखी काय करता येईल?
(गृहिणी, उलवे)

ताई, तुमच्याकडे सगळं इतकं भराभर बदलतंय, खारकोपर-बामणडोंगरीला लोकल आली, जानेवारी २०२४ ला अटल सेतू, २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून विमानं उडायला लागली, की बाहेर बसलेल्या कोणालाही नकाशा वेळेवर सुधारणं अवघड आहे. आणि नकाशा चुकला तर काय होतं ते तुमच्या शेजारीच दिसलं, जुलै २०२५ मध्ये बेलापूरहून उलव्याकडे निघालेल्या एका बाई मॅप बघत पुलावर जायच्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि गाडी जेट्टीवरून खाडीत पडली, सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाचवलं.

तुम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर अकाउंट काढा. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच बनवतात, तुमची गल्ली तुम्ही स्वतः काढू शकता आणि बऱ्याचदा त्याच दिवशी दिसायला लागते. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते उभ्या जागी साधे प्रश्न विचारतं, ह्या रस्त्याचं नाव काय, ह्या इमारतीचा नंबर काय, रात्री इथे दिवे असतात का, आणि तुमचं उत्तर नकाशात जातं. गल्लीच नसेल तर ती वेबसाइटवरच्या एडिटरमध्ये काढावी लागते, संध्याकाळी तासभर बसलात की जमेल. दुसऱ्या कुठल्या मॅपवरून बघून नावं उतरवू नका, ते नियमात बसत नाही, प्रत्यक्ष पाटी बघून लिहा. नावं मराठीत पण भरा, त्यासाठी वेगळा रकाना आहे.

डिलिव्हरीवाला मात्र त्याच्या कंपनीचाच मॅप बघणार, त्यामुळे तिथेही दुरुस्ती पाठवत राहा, एकटीने न पाठवता बिल्डिंगमधल्या आठ-दहा जणांनी मिळून पाठवा, आणि तोपर्यंत पत्त्यात सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळची खूण हे तिन्ही लिहा. उलव्यात इमारतीच्या नावापेक्षा प्लॉट नंबरवरून लवकर सापडतं.